माय सांगते म्हणून

गिरजाबाईंचा डावा कान मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचा होता.

मी प्रॉम्प्टर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी एका राईस मिलमध्ये मुनीम म्हणून काम करतो, पण दिवाळीनंतर धान कापून झालं की होळीपर्यंत आमच्या झाडीपट्टीत गावोगावी नाटकं लागतात, आणि त्या दिवसांत माझी खरी जागा विंगेतल्या स्टुलावर असते. मांडीवर नाटकाची प्रत, डोक्यावर एक पिवळा दिवा. आमच्याकडचे नट आज एक नाटक करतात, उद्या दुसरं. तालमीला वेळ कुणाला? प्रॉम्प्टर वाक्य देतो, नट ते उचलतो आणि आपलं करून लोकांपर्यंत पोचवतो. बाहेरच्यांना हे ऐकून हसू येतं. आमच्यासाठी हेच नाटक.

गिरजाबाई आईचं काम करायच्या. तिशीत असल्यापासून केसांना पावडर फासून त्यांनी म्हाताऱ्या आया केल्या, आणि पावडरीची गरज संपल्यावरही तेच करत राहिल्या. पोस्टरवर त्यांच्या नावाआधी ‘झाडीपट्टीची माय’ असं छापलेलं असायचं. स्टेजवर जाण्याआधी त्या एक गोष्ट न चुकता करायच्या. डाव्या कानाचं कानातलं काढून माझ्या हातात द्यायच्या. उजव्या कानातलं तसंच. का, तर मी डावीकडे बसायचो आणि कानातल्याची किणकिण माझ्या आवाजाच्या आड यायची.

“घे सुधाभाऊ, तुही जागा मोकळी केली,” असं म्हणायच्या.

प्रेक्षकांना उजवा कान दिसावा, डावा माझ्यासाठी रिकामा, असा तो बंदोबस्त होता. त्यांना वाचता यायचं, पण अडखळत. त्यामुळे माझ्यावाचून त्यांचं चालायचं नाही, आणि खरं सांगायचं तर याचा मला थोडा माजही होता.

गावात पोचल्यावर बाकीचे नट झोप काढायचे. गिरजाबाई गावात निघायच्या. ओळख असो नसो, कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरायच्या, पाटावर बसायच्या आणि “का शिजवून राह्यली वो?” असं विचारायच्या. लाखोळीच्या डाळीचे वडे कुठे तळले जात असले तर त्यांना ते वासावरून कळायचं. गावांची नावं त्या सर्रास विसरत. “ते गाव नाई का, जिथी त्या बाईनं वड्यात लसूण जास्त टाकलाता?” असा त्यांचा पत्ता असायचा, आणि आमच्या गाडीचा ड्रायव्हर त्यावर बरोबर पोचायचा. निघताना बाया त्यांची ओटी भरायच्या. सीझन संपेपर्यंत त्यांच्या पेटीत ब्लाउजपीसांचा ढीग साचायचा. तो त्या पुढच्या सीझनला दुसऱ्या गावातल्या बायांना वाटून टाकायच्या. एकदा एकीला तिनेच दिलेला ब्लाउजपीस परत मिळाला. ती बाई म्हणाली, “बाई, हा तर माह्याच हाय!” गिरजाबाई म्हणाल्या, “मंग पाहा, किती जपून ठेवला.”

त्यांच्या रडण्याची फार तारीफ व्हायची. तारीफ करणाऱ्याला त्या म्हणायच्या, “का सांगू बाप्पा, रडवणं सोपं हाय. लोकायच्या पोटात रडू आधीच भरून असते. मी फक्त झाकण काढते.”

त्यांचा माझ्यावर किती विश्वास होता याचा एक किस्सा सांगतो. नागभीडकडच्या एका गावात प्रयोग चालू असताना मी झोपेच्या गुंगीत दोन पानं एकदम उलटली आणि त्यांना पुढच्या अंकातलं वाक्य दिलं. मुलगा मेल्यावर आई जो आक्रोश करते, ते वाक्य. गिरजाबाई क्षणभरही थांबल्या नाहीत. जमिनीवर बसून त्यांनी टाहो फोडला, “कुठी गेला रे माह्या राजा, मले सोडून!” राजा शेजारीच उभा होता, हातात चहाचा कप घेऊन. लोक गोंधळले. मी घाईने पानं मागे उलटू लागलो. गिरजाबाईंनी डोळे पुसले, त्या पोराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “जित्ता असून मेल्यावाणी वागते हा पोट्टा! याच्याहून मेला असता तं एकदाच रडली असती!” असा टाळ्यांचा पाऊस पडला की पुढच्या सगळ्या प्रयोगांत ते वाक्य ठेवावं लागलं.

नंतर मी माफी मागायला गेलो. त्या म्हणाल्या, “तू देशील ते मी बोलीन. ते खरं करणं माह्यं काम.”

हे वाक्य तेव्हा मला फार आवडलं होतं.

दुसरा किस्सा घुग्घुसच्या माणसाचा. एकदा प्रयोग संपल्यावर कोळशाच्या खाणीतला एक कामगार मोटारसायकलवरून आला. अंगावर ड्युटीचे कपडे, तोंड काळं, आणि त्या काळ्यावर डोळ्यांतून आलेल्या दोन पांढऱ्या रेघा. तो गिरजाबाईंच्या पायांवर पडला. आईशी भांडून त्याने वेगळं घर केलं होतं. “माय, मी घरी जाऊन राह्यलो,” एवढंच तो बोलत होता.

“माह्या पाया काऊन पडते?” गिरजाबाई त्याला दटावत म्हणाल्या. “तुही माय तिकडं भात घेऊन बसली असन. पाया पडायचं तं तिच्या पड. इथी पेट्रोल कायले जाळते?”

तो गेला. गिरजाबाई तोंडावरचा रंग पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या आणि मला म्हणाल्या, “सुधाभाऊ, या लोकायले मी खरंच माय वाटते काय रे?”

“वाटता ना बाई.”

“बाप्पा,” त्या म्हणाल्या, आणि तोंडावर अर्धा रंग तसाच ठेवून उठल्या.

त्यांना जे उमगून भीती वाटली होती, ते मला धंद्याच्या उपयोगाचं वाटलं. म्हणून बांबूच्या कंपनीचा एजंट आला तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे आला हे बरोबरच झालं म्हणायचं.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. आमच्याकडे सगळे तिला ‘बांबूवाले’च म्हणत. तुम्ही पैसे भरायचे, कंपनी तुमच्या नावाने बांबूचं बेट लावणार, राखणार, कापून विकणार आणि काही वर्षांत तुम्हाला दामदुप्पट देणार. मूलला त्यांनी चकचकीत ऑफिस उघडलं होतं. उद्घाटनाला टीव्हीवरच्या मालिकेतला एक हिरो मुंबईहून आला. चौकात गर्दी मावत नव्हती. पोरांनी फोटो काढले, बायांनी त्याला हात लावून पाहिला. पण पैसे कुणी भरेना.

चहाच्या टपरीवर एक म्हातारा म्हणाला, “तो गोरा पोट्टा साबणबी विकते न पंखाबी विकते. त्याले बांबूतलं का समजते? बांबू आपल्या परसात फुकट उगते.”

कंपनीच्या त्या एजंटाने हे ऐकलं. तो नागपूरचा तरुण, इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. दोन-चार प्रयोग त्याने प्रेक्षकांत बसून पाहिले आणि मग मिलमध्ये येऊन मला म्हणाला, “सर, हिरोचं जाऊ द्या. इथले लोक कुणाचं ऐकतात ते मला दिसलं.”

मला आयुष्यात कुणी सर म्हटलं नव्हतं.

त्याने गिरजाबाईंसाठी एक मजकूर आणला होता. ‘आकर्षक परताव्याची सुवर्णसंधी’ वगैरे. मी तो त्यांना वाचून दाखवला. त्या तोंड वाकडं करून म्हणाल्या, “हे माह्या तोंडात बसत नाई.”

तर मी तो बसवला. कारागिरी आली म्हणजे माणूस ती वापरायला उतावीळ होतो. ‘परतावा’ काढला, ‘संधी’ काढली. लिहिलं ते असं: लेकराहो, पोट्टे पाहतील, नाई पाहतील, तुमच्या म्हातारपणाले एक झाड लावून ठेवा. तुमची माय सांगून राह्यली. आणि ते कधी बोलायचं हेही मीच सुचवलं. तिसऱ्या अंकानंतर. त्या नाटकात तिसऱ्या अंकाच्या शेवटी मुलगा आईला घराबाहेर काढतो. पडदा पडतो तेव्हा सगळा मांडव नाक शिंकरत असतो. त्याच वेळी, त्याच फाटक्या लुगड्यात, गिरजाबाईंनी पडद्याबाहेर यायचं आणि हे बोलायचं.

पहिल्यांदा बोलण्याआधी त्यांनी मला विचारलं, “सुधाभाऊ, हे बरोबर हाय ना? मले त्यातलं काई समजत नाई.”

“मी पाहिलं बाई सगळं,” मी म्हणालो.

मी काय पाहिलं होतं? एजंटाच्या मोबाईलवर हिरव्यागार बेटांचे फोटो पाहिले होते. लोकांकडून असे पैसे गोळा करायची या कंपनीला कुणाची परवानगी आहे का, हे मी विचारलं नव्हतं. ती बेटं कोणत्या गावच्या शिवारात आहेत हेही नाही. मिलमध्ये धानाचं पोतं घेताना मी मूठभर दाणे दाताखाली धरून पाहतो, ओल किती आहे ते. इथे मी नुसतं हो म्हटलं. गिरजाबाईंनी कानातलं काढून माझ्या हातात दिलं आणि त्या बाहेर गेल्या.

त्या सीझनला जवळजवळ प्रत्येक प्रयोगात हे झालं. त्यांना त्याचे वेगळे पैसे मिळाले. त्यांनी घरावर नवे पत्रे टाकले आणि भाचीच्या शिक्षणाची फी भरली. मला जुनी मोटारसायकल घेता आली. आणि बांबूवाल्यांच्या ऑफिसासमोर रांग लागली. टपरीवरच्या त्या म्हाताऱ्यानेही पैसे भरले. मी त्याला गमतीने विचारलं, “का बाबाजी, बांबू फुकट उगते ना?”

“उगते,” तो म्हणाला. “पण माय सांगते म्हणून.”

सुरुवातीच्या काहींना एक-दोन हप्ते मिळालेही. त्यांनी पेढे वाटले आणि शेजाऱ्यांनी पैसे भरले. मग एका पावसाळ्यात ऑफिसचं शटर उघडलं नाही. एजंटाचा फोन बंद. मालिकेतल्या हिरोने कुठेतरी सांगितलं म्हणे की तो फक्त कार्यक्रमाला आला होता. तेही खरंच होतं.

मुंबईला जाऊन हिरोला गाठणं कुणाला शक्य नव्हतं. गिरजाबाईंचं घर वडशाला होतं आणि प्रत्येक गावातल्या एका तरी चुलीला ते माहीत होतं. लोक तिकडे जाऊ लागले. काही ओरडले. एकाने नव्या पत्र्यांवर दगड मारले. मी गेलो त्या दिवशी ओसरीवर ताराबाई बसल्या होत्या. मूलजवळच्या एका गावात त्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. जन्मभर लेकरांची खिचडी शिजवून निवृत्त होताना जे काही हाती आलं, ते सगळं त्यांनी बांबूत घातलं होतं. त्या ओरडत नव्हत्या. गिरजाबाईंनी दिलेला चहा त्यांनी शेवटपर्यंत पिऊन घेतला, कप धुऊन ठेवला आणि विचारलं, “बाई, आता मी का करू?”

 गिरजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे द्यायला वाक्य नव्हतं.

ताराबाई गेल्यावर मी म्हणालो, “बाई, चूक माझी. लिहिलं मी, सांगितलं मी.”

“आणि तोंड कोणाचं होतं?” त्या म्हणाल्या. “तुले कोणी ओळखते काय रे? तू म्हटलं असतं तं एका माणसानं पैसा दिला असता?”

मला शिवी दिली असती तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्या ताराबाईंना घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. मी सोबत होतो. आत एक तरुण हवालदार होता, त्याने त्यांना लगेच ओळखलं आणि खुर्ची दिली. ताराबाईंची तक्रार लिहून झाल्यावर गिरजाबाई म्हणाल्या, “आता माह्यं लिहा.”

“तुमचे किती गेले, बाई?”

“माह्ये गेले नाई. मले भेटले.”

हवालदाराने पेन खाली ठेवला. “म्हणजे तुम्ही साक्षीदार का आरोपी?”

“तुमच्या कागदात जिथी जागा असन तिथी लिहा,” गिरजाबाई म्हणाल्या. “पण लिहा.”

त्यानंतरच्या सीझनला नाटक कंपन्यांनी त्यांना काम दिलं नाही. नाटक ठरवणारी गावोगावची मंडळंच सांगायची, नाटक पाहिजे, बाई नको. एक सीझन त्या घरी बसल्या. मग ताराबाईंच्या गावच्या मंडळाने आमचं नाटक ठरवलं आणि गिरजाबाई आमच्या नाटक कंपनीच्या मालकाकडे हटून बसल्या की मी येणार.

“लोक चपला मारतील, बाई,” मालक म्हणाला.

“दोन्ही मारल्या तं जोडी घरी आणीन.”

त्या गावात त्या कुणाच्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. गाडीतच बसून राहिल्या. त्यांच्यासाठी मी माफीचं भाषण लिहून ठेवलं होतं. चांगलं लिहिलं होतं, त्यात दोन ठिकाणी लोक नक्की रडले असते. मध्यंतरात त्या पडद्याबाहेर आल्या, तेव्हा चेहऱ्यावर रंग नव्हता. डोळ्यांना चष्मा होता, अंगावर घरची साडी. दोन्ही कानांत कानातली तशीच होती.

मी विंगेतून पहिलं वाक्य दिलं. त्यांनी ते उचललं नाही. मला वाटलं ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा दिलं. त्यांनी हाताने मला थांबवलं, माशी हाकलावी तसं, आणि स्वतःच्याच शब्दांत बोलू लागल्या. चाचरत.

“हे पाहा जी. मी कोणाची माय नाई. मी नाटकवाली गिरजा हावो. मांगं मी तुमाले बांबूचं सांगतलं. त्याचे मले पैसे भेटलेते. बांबूतलं मले काई समजत नोतं. मी कोणाले इचारलंबी नाई. मले एक कागद देला, मी बोलली. तो टीव्हीवाला पोट्टाबी तसाच बोलला असन. आता कोणी नाटकातला, टीव्हीतला, बॉल खेळणारा तुमाले सांगन का पैसे इथी टाका, तं त्याले पयले इचारा, तुले बोलायचे किती भेटले. आणि तुह्ये सोताचे किती टाकले.”

मागून एक आवाज आला, “मंग आमचे वापस दे ना वो, माय!”

मांडवात कुणीतरी हसलं. खूप जण हसले.

“सगळ्यायचे देनं माह्याकडून होत नाई,” त्या म्हणाल्या. “मले जे भेटलेते तेवढे तुमच्या केसच्या वकिलाले देईन. पत्रे इकून देईन. आणि बोलावतील तिथी जाऊन सांगीन.”

कुणी टाळी वाजवली नाही. त्या नमस्कार करायच्या विसरल्या आणि चुकीच्या बाजूने, माझ्या समोरच्या विंगेत निघून गेल्या. चपलाही कुणी मारल्या नाहीत. चौथा अंक सुरू झाला. त्यात आई मरते. त्या मेल्या तेव्हा मांडवात एकही माणूस रडला नाही. लोक शेंगा खात होते.

त्यांना हे कळलं होतं. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, “सरलं सुधाभाऊ. आता मले माय कोणी मानणार नाई.” मी काही समजुतीचं बोलायला गेलो, तर म्हणाल्या, “नाई रे, बरं झालं. मानू नये.” मग काही वेळाने, गाडी फाट्यावर वळल्यावर, स्वतःशीच म्हणाल्या, “पण आवडत होतं मले ते.”

पत्रे त्यांनी खरंच विकले. वकिलाकडे स्वतः जाऊन पैसे देऊन आल्या. मला मोटारसायकल विकायला पुढचा उन्हाळा उजाडला. पुढे त्यांना भांडखोर शेजारणीची, लबाड दलालणीची कामं मिळू लागली. ती त्या झकास करायच्या. लोक खदखदून हसायचे. पैसे निम्मे मिळायचे.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते चंद्रपूरच्या कोर्टात, बांबूवाल्यांच्या खटल्यात. त्यानंतर थोड्याच महिन्यांत त्या गेल्या, मला उशिरा कळलं. त्या दिवशी त्यांची साक्ष होती. माझी त्यांच्या मागून. ताराबाई बाकावर बसल्या होत्या, पैसे अजून आले नव्हते, आजही आलेले नाहीत. पुकारा झाला तशा गिरजाबाई पदर सारखा करून आत गेल्या. दार उघडंच होतं. पंख्याच्या घरघरीत मला त्यांचं एक वाक्य कळायचं, एक निसटायचं. मांडवाच्या टोकाला बैलगाडीत बसलेल्या माणसालाही जिचं कुजबुजणं ऐकू जायचं, ती बाई इथे घरात बोलावं तसं बोलत होती.

“बाई,” न्यायाधीश साहेब म्हणाले, “जरा मोठ्याने बोला. ऐकू येत नाही.”

“हो जी,” त्या म्हणाल्या. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही. त्या साहेबांच्या टेबलाकडे थोड्या पुढे सरकल्या, आणि तेवढ्याच आवाजात पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या.